पाठीवरचं पाणी

'सुपर मारिओ सनशाइन' या व्हिडिओ गेममध्ये रिक्को हार्बर नावाचं एक बंदर आहे. तिथल्या सगळ्यात उंच लोखंडी तुळईवर मारिओला नेऊन उभं केलं की खाली अख्खं बंदर एका नजरेत येतं. धक्क्याला लागलेली जहाजं, क्रेनला लटकलेले पेटारे, चढायला बसवलेल्या तारेच्या जाळ्या, आणि या सगळ्याच्या मधे डुचमळणारं पाणी. पहिल्यांदा इथवर पोचायला मला अर्ध्या तासाच्या वर लागला. चार वेळा पडले. चारही वेळा पाण्यातच पडले, म्हणून जीव गेला नाही. पोहत धक्क्याला आले, अंग झटकलं, पुन्हा पहिल्या जाळीपासून सुरुवात. पाचव्यांदा वर पोचल्यावर मी काहीच केलं नाही. नुसती उभी राहिले आणि कॅमेरा हळूहळू चारी बाजूंनी फिरवत बसले. शेजारी बसलेला भाचा कंटाळून म्हणाला, "मावशी, पुढे चल ना, शाइन तिकडे आहे."

शाइन, म्हणजे या खेळात गोळा करायचं बक्षीस, तिकडे आहे हे मलाही दिसत होतं. पण मी वेंगुर्ल्याची. बंदर म्हणजे जिथे वस्तू कामाने पडलेल्या असतात, कुणी मांडून ठेवलेल्या नसतात, हे लहानपणापासून डोळ्यांत बसलेलं. दोरखंड कुठे टाकला आहे त्यावरून होडी कधी येणार ते कळतं. रिक्कोमधल्या वस्तू तशा पडलेल्या वाटल्या. क्रेन आहे ती पेटारे उचलायला आहे, आणि तिच्या लटकत्या पेटाऱ्यावर मला उडी मारता येते ही जणू माझी हुशारी. उडी मारता यावी म्हणूनच कुणीतरी ती क्रेन तिथे ठेवली, हे मला ठाऊक असतं आणि तरी जाणवत नाही. लेव्हल डिझाइन, म्हणजे खेळातल्या जागांची आखणी, मला आवडतं ते नेमकं याच ठिकाणी. आणि ज्या खेळात मला ते सगळ्यात जास्त आवडलं, त्याच खेळाने मला सगळ्यात जास्त दुखवलंही आहे.

हा खेळ 'सुपर मारिओ सनशाइन'. जुलै 2002 मध्ये जपानमध्ये निन्टेंडोच्या गेमक्यूब या खेळयंत्रावर आला. योशिआकी कोइझुमी आणि केन्ता उसुई हे त्याचे दिग्दर्शक. मी तो खेळले तब्बल अठरा वर्षांनी. सप्टेंबर 2020 मध्ये मारिओच्या पस्तिशीनिमित्त तीन जुने खेळ एकत्र करून निन्टेंडोच्याच स्विच या नव्या यंत्रासाठी काढले होते, 31 मार्च 2021 पर्यंतच मिळतील असं सांगून. ते बहिणीकडे पुण्यात आले ते भाच्याच्या हट्टामुळे. टाळेबंदीतले दिवस होते, साइटवरची कामं बंद होती, आणि पेशाने वास्तुकार असलेली मी दुसऱ्या कुणीतरी बांधलेल्या बेटावर रोज संध्याकाळी हिंडायला लागले.

बेटाचं नाव डेल्फिनो. वरून पाहिलं तर आकार डॉल्फिनचा. मारिओ सुट्टीवर येतो, विमानतळावरच त्याला अटक होते, खटला चालतो, आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कुणीतरी भिंतींवर फासलेला चिखल-रंग साफ करण्याची शिक्षा त्याला मिळते. साफ करायला पाठीवर पाण्याचा एक बोलका पंप, त्याचं नाव फ्लड. समोर फवारा मारायचं नोझल असतं, आणि दुसरं नोझल खाली पाणी सोडून थोडा वेळ हवेत तरंगत ठेवतं. हे दुसरं नोझल म्हणजे या खेळाच्या सगळ्या सुखाचं आणि सगळ्या गोंधळाचं मूळ आहे, असं माझं मत होत गेलं. ते का, हे नीट सांगायला हवं.

आमच्या कामात मोजमाप माणसाच्या शरीरावरून ठरतं. सार्वजनिक इमारतीत जिन्याची पायरी साधारण 150 मिलिमीटर उंच आणि 300 मिलिमीटर रुंद ठेवतो, कारण पाऊल तेवढं उचलतं आणि तेवढं पडतं. जिना चढताना माणूस पायाकडे बघत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांत पायाला माप कळतं आणि पुढचं पायच करतो. म्हणून मधली एकच पायरी पाच-दहा मिलिमीटरने चुकली तरी त्याच पायरीवर सगळे ठेचकाळतात. उड्यांच्या खेळात हे शरीराचं माप म्हणजे उडी. 1996 चा 'सुपर मारिओ 64' बनवताना त्या मंडळींनी लेव्हल्सच्या आधी मारिओच्या हालचाली घडवल्या. एका साध्याशा जागेत सशाच्या मागे धावणारा मारिओ, एवढंच सुरुवातीला होतं. धावणं, वळणं, उडी, तिहेरी उडी, लांब उडी हे हाताला गोड लागेपर्यंत घोटलं, आणि मग त्या मापाचं जग बांधलं. मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं. आधी पाऊल, मग पायरी.

आता त्या मापात पाणी आलं की काय होतं? '64' मध्ये उडी मारली की मारली. पाय सुटल्यावर निर्णय बदलता येत नाही, त्यामुळे समोरचं अंतर मनात आधी मोजावं लागतं. 'सनशाइन'मध्ये उडी मारल्यावरही मी तीन-चार पावलं इकडे-तिकडे सरकू शकते, चुकलेली उडी निस्तरू शकते, कड्यावरून घसरलेली परत कड्यावर येऊ शकते. लांब उडी त्यांनी काढूनच टाकली आहे. म्हणजे अंतर आता रबरासारखं झालं. दोन छपरांमधली फट नेमकी किती, याला पूर्वीइतकं महत्त्व उरलं नाही. आणि अंतराला महत्त्व नाही म्हटल्यावर बांधणाऱ्यालाही एक मोकळीक मिळाली. फट उडीच्या मापाची ठेवायची गरज नाही. ती गल्लीच्या मापाची ठेवता येते, बाल्कनीच्या मापाची ठेवता येते, खऱ्या गावात असते तेवढी ठेवता येते.

डेल्फिनो प्लाझा हे गावचं मुख्य चौक-बंदर मला इतकं पटतं ते त्यामुळेच. तिथले कालवे, घंटेचे मनोरे, उतरती कौलारू छपरं, फळवाल्यांच्या गाड्या, जमिनीखालचे पाण्याचे बोगदे, हे कुणा उडी मारणाऱ्या माणसासाठी बांधलेलं वाटत नाही, राहणाऱ्यांसाठी बांधलेलं वाटतं. मी तिथे कितीतरी संध्याकाळी नुसती छपरांवरून फिरले. एका मनोऱ्यावरून दूर समुद्रापलीकडे दुसऱ्या ठिकाणांच्या आकृती दिसतात. बेट एक आहे आणि आपण त्याच्या एका कोपऱ्यात आहोत, हे नकाशा न उघडता कळतं. त्या ठिकाणांवर चालत मात्र जाता येत नाही, भिंतीवरच्या रंगात उडी मारून किंवा पाइपातून जायचं. मला त्याचा पहिल्यांदा राग आला. दिसतंय तर वाट द्या. नंतर कळलं की त्या यंत्राच्या मानाने क्षितिजावर एवढं दाखवणं हीच मोठी गोष्ट होती, आणि मग राग राहिला नाही, हुरहुर राहिली.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. एखाद्या ठिकाणी रमावं, आणि मधेच एखाद्या गुहेत किंवा दारात शिरावं, तर तिथे तो तोतया मारिओ झडप घालून पाठीवरचा पंप काढून घेतो. समोर पोकळी. खाली काहीच नाही. गरगर फिरणारे लाकडी ठोकळे, पाय ठेवला की विरघळणारी वाळूची चौकट, उलटसुलट होणाऱ्या फळ्या. मागे 1985 च्या पहिल्या मारिओची जुनी धून माणसांच्या तोंडी आवाजात वाजते, वाद्य एकही नाही. बाकी सगळं बेट मागे राहतं.

या लपलेल्या लेव्हल्स उत्तम आहेत. अक्षरशः उत्तम. पाणी गेलं की माप परत येतं. ठोकळा किती वेगाने फिरतो, त्याची कोणती बाजू कधी वर येते, माझी साधी उडी कुठवर पोचते आणि बाजूची उलटी उडी कुठवर, सगळं पुन्हा मिलिमीटरमध्ये बोलायला लागतं. इथे चुकलं की पाण्यात पडणं नाही, थेट पोकळीत. पहिल्यांदा मी रिक्कोच्या मनोऱ्यातली लपलेली लेव्हल पूर्ण केली तेव्हा हाताला घाम आला होता आणि बहिणीला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून मी ती शेवटची उडी परत सांगितली. एवढा आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी विचार करताना खटकलं. ज्या बंदराने मला पाच वेळा वर चढायला लावलं, त्या बंदराचा या ठोकळ्यांशी काय संबंध? याच ठोकळ्यांपर्यंत हॉटेलच्या दिवाणखान्यातून पोचता आलं असतं, कड्यावरच्या शिंपल्यातून पोचता आलं असतं, तरी काही बिघडलं नसतं. बांधणाऱ्यांना दोन गोष्टी करायच्या होत्या, राहावंसं वाटेल असं गाव आणि हात शिवशिवतील अशी परीक्षा. दोन्ही त्यांना उत्तम येत होत्या, आणि त्या त्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या. माझ्या क्षेत्रात असा एक प्रकार असतो. पुढे दगडी कमानीचा देखणा वाडा आणि मागे, रस्त्यावरून न दिसेल असा, काटेकोर आखलेला काचेचा कार्यालयाचा भाग. दोन्ही इमारती चांगल्या असतात. त्यांना जोडणाऱ्या बोळातून जाताना मात्र दर वेळी वाटतं की इथे कुणीतरी विचार करायचं थांबलं.

ठिकाणं सात आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी आठ प्रसंग. म्हणजे एकाच जागी आठ वेळा जायचं, आणि दर वेळी तिथे काहीतरी बदललेलं असतं. '64' मध्ये एखाद्या जगात शिरलं की बऱ्याच वेळा समोर दिसेल तो तारा, म्हणजे तिथलं बक्षीस, घेता यायचा. इथे प्रसंग ठरलेला असतो, त्या दिवशी त्या गावात जे घडतंय तेच करायचं. भाच्याला हे जाचक वाटायचं. मला यातली एक बाजू फार भावली. जागेला काळ मिळतो. सिरेना बीचवर पहिल्यांदा जावं तर सूर्य मावळतोय, वाळूवर चिकट विजेचा रंग पसरलाय आणि जिथे हॉटेल असायला हवं तिथे काहीच नाही. पुढच्या खेपेला तिथे हॉटेल उभं असतं. त्याच्या पुढच्या खेपेला ते भुतांनी भरलेलं. भिंतीआडच्या वाटा शोधत, छपराखालच्या पोटमाळ्यावर चढून, वरून एकेका खोलीत उतरत जायचं. इमारत समजून घ्यायची तर तिचा उभा छेद डोळ्यांपुढे हवा, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना घसा कोरडा करून सांगतो. इथे तो छेद मी पायांनी शिकले. कोणत्या खोलीच्या वर कोणती खोली, पोटमाळ्याचं कोणतं भोक कुठे उघडतं, हे मला आजही कागदावर काढून दाखवता येईल.

नोकी बेवर तर सुरुवातीला पाणीच विषारी असतं. शिंपल्यांसारख्या कड्यांमधली ती खाडी, वरून कोसळणारे धबधबे, आणि खाली उतरलं की जांभळट पाण्याने अंग जळतं. चौथ्या प्रसंगात खोल पाण्यात एका अवाढव्य ईल माशाचे किडके दात धुवायचे असतात. ते झालं की खाडी निवळते. पुढच्या वेळी मी सवयीने पाण्यापासून लांब लांब कड्याच्या आधाराने चालले होते. मग लक्षात आलं की आता उतरता येतं. उतरले. ज्या पाण्याला इतके दिवस टाळलं त्यात पोहण्याचं ते सुख कुठल्याही शाइनपेक्षा मोठं होतं. जागा तीच, नियम बदलला, आणि तो मी स्वतःच्या हाताने बदलला होता.

मग त्याच जागी त्यांनी तीस निळी नाणी लपवली.

याबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही, तरी प्रयत्न करते. संपूर्ण खेळात निळी नाणी 240. सात ठिकाणी प्रत्येकी तीस, प्लाझात वीस, शेवटच्या कोरोना माउंटनमध्ये दहा. दहा नाणी दिली की एक शाइन मिळतो. म्हणजे एकूण 120 शाइनपैकी चोवीस, पाचवा हिस्सा, या नाण्यांत अडकलेले. नाणी कुठे असतात? भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर पाणी मारलं की मिळतात, पक्ष्यावर फवारा मारला की मिळतात, कुठल्याशा कोपऱ्यात असतात. काही नाणी ठरावीक प्रसंगांतच सापडतात, इतर दिवशी तीच जागा रिकामी. कुठलं नाणं सापडलं आणि कुठलं राहिलं याची यादी खेळ देत नाही, नुसता आकडा देतो. नोकी बे, 22. उरलेली आठ कुठे, कोणत्या दिवशी, काहीच पत्ता नाही.

कष्ट पडले याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते माझी नजर बदलली याचं. ज्या कड्यांकडे मी तासन् तास नुसतं बघत बसले होते, त्यांच्याकडे मी आता संशयाने बघायला लागले. हा डाग नुसता डाग आहे की नाण्याचा? हा पक्षी नुसता उडतोय का? प्रत्येक भिंतीवर पाणी मारत फिरायचं, काही निघतंय का ते बघायला. पाहुणी म्हणून गेलेली मी झडती घेणाऱ्यासारखी वागू लागले. आणि एकदा तशी नजर लागली की ती परत घरी ठेवून येता येत नाही. आजही नोकी बेचा विचार केला की निवळलेल्या पाण्याच्या आधी मला तो 22 आकडा आठवतो.

काही लेव्हल्सवर फार शब्द खर्च करायची इच्छा नाही. प्लाझातून जाता येणारी ती विषारी नदी, जिच्यावर विरघळत जाणाऱ्या कमळाच्या पानावर उभं राहून फवाऱ्याने पान ढकलत आठ लाल नाणी घ्यायची, आणि एक चुकलं की संपलं. तिथवर पोचायलाही योशीला, म्हणजे मारिओच्या स्वारीच्या डायनासोरला, होड्यांवरून मिनतवाऱ्या करत न्यायचं, तो पाण्यात पडला की विरून जातो. किंवा तो पाचिंको, म्हणजे गोट्या सोडून खेळायच्या जपानी यंत्राच्या धर्तीवरची लेव्हल, जिथे आपल्या हालचालींवर आपलाच ताबा नसतो, अदृश्य काहीतरी ढकलत राहतं. या दोन्हींत एकच दोष आहे. जे माप खेळाने माझ्या अंगवळणी पाडलं, ते इथे लागू नाही. ही मधली चुकलेली पायरी. गेलॅटो बीचवरच्या वाळूच्या पक्ष्याबद्दल मात्र लोक जेवढे चिडतात तेवढी मी चिडत नाही. तो उडता उडता कलंडतो, पाठीवरून कडेवर यावं लागतं, उंची भयानक. पण तो कलंडणार हे तो दाखवतो. एकदा पडल्यावर कळतं, दुसऱ्यांदा सावध असतो आपण. अवघड असणं आणि अन्यायाचं असणं यांत फरक आहे.

आणि शेवटच्या डोंगरावर जायचं दार उघडायला सातही ठिकाणचा सातवा प्रसंग पूर्ण करावा लागतो. सातही ठिकाणी तो प्रसंग तोच, तोतया मारिओच्या मागे धावायचं, पाणी मारून त्याला पाडायचं. ज्या खेळाने मला आठ दिवसांचं हॉटेल दिलं, त्याने सातव्या दिवशी सगळीकडे एकच गोष्ट का घडवावी? वेळ कमी पडला असेल. आमच्याकडेही पडतो. शेवटच्या चार मजल्यांचे आराखडे एकसारखे निघतात तेव्हा बाहेरच्याला वाटतं की ती शैली आहे.

यानंतरचे मारिओचे खेळही मी पुढे खेळले, याच प्रश्नाचा माग काढत. कोइझुमींनीच दिग्दर्शित केलेल्या 2007 च्या 'गॅलक्सी'त जमीनच गोल करून टाकली आहे. छोटे छोटे ग्रह, पळत राहिलं तर फिरून तिथेच. कॅमेरा सांभाळायची कटकट गेली, हरवायची भीती गेली. माप पुन्हा चोख झालं, प्रत्येक ग्रह म्हणजे एक स्वच्छ कल्पना. तो खेळ 'सनशाइन'पेक्षा चांगला आहे, यात मला शंका नाही. पण त्यातल्या कुठल्या ग्रहावर मी राहिले असं मला म्हणता येत नाही. तिथून मी गेले. 2017 च्या 'ओडिसी'त पुन्हा गावं आली, शहर आलं, आणि जवळपास प्रत्येक वळणावर गोळा करायचा एक चंद्र ठेवलेला. हात रिकामा कधीच राहत नाही. मला रिकाम्या हाताने फिरायला आवडतं.

म्हणून मी पुन्हा 'सनशाइन'कडे येते, आणि त्यातल्या त्यात पियान्ता व्हिलेजकडे. हे गाव एका खोल दरीवर उभं आहे, प्रचंड झाडांच्या सोबतीने. गावाच्या खालूनही जाता येतं. जमिनीच्या पोटाला जाळ्या आहेत, त्यांना धरून लटकत, हाताहाताने पुढे सरकत, डोक्यावर गाव आणि पायाखाली काहीच नाही अशा अवस्थेत. तिसऱ्या प्रसंगात गावभर पेटता चिखल पसरलेला असतो. त्यावर पाय पडला की मारिओ जळतो. आणि नेमकं या दिवशी पाठीवर पंप नसतो. तो पडलाय गावाच्या पलीकडे, चिखलाच्या पल्याड.

मी सुरुवातीला पाच मिनिटं एका जागी उभी राहिले. वरून जाता येत नव्हतं. मग आठवलं की या गावाला खालची बाजू आहे. आधीच्या खेपेला मी तिथे नुसती कुतूहलाने उतरले होते, काही मिळवायला म्हणून नव्हे. कड्यावरून खाली गेले, जाळी धरली. हात चालवत गेले. कुठे जाळी संपते आणि कुठे परत वर येता येतं हे मला त्या रिकाम्या फेरीमुळे ठाऊक होतं. वर आले, उडी मोजून मारली, कारण आता निस्तरायला पाणी नव्हतं. चिखल टाळत, कठड्यावरून कठड्यावर. पंपापर्यंत पोचले, तो पाठीवर चढला, आणि मग गाव धुवायला घेतलं.

त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही खोल्यांमधली भिंत गेली. पाणी काढून घेतलं होतं, माप परत आलं होतं, पडलं तर दरी होती. आणि तरी मी पोकळीतल्या ठोकळ्यांवर नव्हते, गावात होते. परीक्षा त्याच गावाची होती, गाव ओळखत असाल तरच सुटेल अशी. हे त्यांना येत होतं! 2002 मध्येच येत होतं, एका प्रसंगापुरतं त्यांनी ते करूनही दाखवलं. मग सगळीकडे का नाही केलं, हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही. चांगलं कसं असू शकलं असतं हे ज्या कामातच दिसतं, त्या कामाचा दोष जास्त लागतो. वाईट इमारतीसमोरून मी निवांत जाते.

भाचा आता दहावीला आहे, तो हा खेळ कधीच सोडून गेला. स्विच अधूनमधून माझ्याकडे येतो. 120 माझे झालेले नाहीत. निळ्या नाण्यांचा नाद मी सोडला तेव्हा 97 होते, आणि तेवढ्यावरच आहेत.

मी आता वेगळं काहीतरी करते. रिक्को हार्बरला जाते, पाण्याचं बटण दाबायचं नाही असं ठरवून धक्क्यापासून वरच्या तुळईपर्यंत चढते. निव्वळ उड्यांवर. बहुतेक फटी साध्या उडीत पार होतात, काही बाजूच्या उलट्या उडीने. एका ठिकाणी, क्रेनच्या पेटाऱ्यावरून तुळईवर जाताना, पेटारा त्याच्या झोक्याच्या टोकाला असेल त्याच क्षणी उडी मारली तर बोटांपुरती कड हाताला लागते. एक क्षण मागे-पुढे झालं की खाली पाणी. हे कुणीतरी मोजून ठेवलं होतं की आपोआप जमून आलं, हे पेटाऱ्याकडे बघून सांगता येत नाही. काल तीन वेळा पडले. चौथ्यांदा कड लागली, मारिओ हातांवर लोंबकळत राहिला, आणि मी त्याला वर ओढून घ्यायच्या आधी थोडा वेळ तसंच खालच्या बंदराकडे बघत राहिले.